बुडाचं रबर

अकरा टाक्या आहेत. स्टीलच्या, एकोणीस लिटरच्या,
कुठल्याशा बंद पडलेल्या कोल्ड्रिंक कंपनीच्या,
कळमन्याच्या भंगारातून किलोच्या भावानं घेतलेल्या.
त्यातल्या सातांचं बुडाचं रबर सुटलंय.

रबर नसलं तर काय होतं?
काही नाही. सोडा तितकाच चावरा निघतो.
फक्त टाकी उभी राहत नाही.
बूड गोल आहे तिचं. टेकवली की कलते,
आणि लग्नाच्या हॉलात फरशीवर पडली
की बँडवालेसुद्धा थांबून बघतात.

दीर म्हणाले, इपॉक्सी लाव, वहिनी,
कारखान्यात आम्ही मशीनचा पाया जोडला त्यानं.
लावलं. दोन्ही ट्यूबा समसमान,
आगकाडीनं पुठ्ठ्यावर घोटून.
रात्रभरात दगड झाला त्याचा.
सकाळी गार पाणी भरलं, गॅस सोडला.
आत चार डिग्री, बाहेर सक्करदऱ्याचा मे महिना.
दुपारी टक् असा आवाज आला
आणि रबर बाजूला पडलं, धुतल्यासारखं स्वच्छ.
इपॉक्सी मात्र स्टीलवर जागच्या जागी होतं,
त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

मग ते पाच रुपयेवालं, चुटकीत चिकटणारं.
चिकटलं. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट.
त्या अर्ध्या तासात
कामठीच्या पार्टीचा फोन मी नाकानं उचलला.

सिलिकॉन लावलं तर आंबट वास.
गिऱ्हाईक ग्लास नाकाशी नेऊन म्हणालं,
सोडा नासला काय जी?

इतवारीत दुकानदाराच्या पोरानं काउंटरवर
नऊ डबे मांडले आणि विचारलं,
कशाला काय चिकटवायचंय?
मी म्हटलं, रबराला स्टील.
तो म्हणाला, म्हणजे स्टीलला रबर?
यात फरक आहे का, ते मला माहीत नव्हतं,
त्यालाही नसावं.
डब्यांमागची अक्षरं मुंगीच्या पायाएवढी.

शेवटी चौकातले पंक्चरवाले सत्तारभाई.
रबर हातात घेतलं, वाकवलं, हुंगलं.
म्हणाले, पहिले घासा.
चमकते त्याले काहीच चिकटत नाही, बाई.
टाकी घासा, रबर घासा, पेट्रोलनं पुसा,
मंग हे सोल्युशन, दोन्हीकडं, पातळ.
मंग बसा.
कितीक वेळ?
बोटाले चिकटत नाही, तोवर.

मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं.
बोटाला चिकटेनासं झालं
की मगच ते चिकटायला तयार असतं.

डब्यावर पंधरा मिनिटं लिहिलेली.
डब्याला नागपूर ठाऊक नाही.
इथे चौथ्या मिनिटाला वाळलं,
पहिली टाकी घाईत टेकवली, जराशी तिरकी,
आणि मग हलेना. एकदाच संधी देतं ते.
बाकीच्या सहा संध्याकाळी केल्या,
ऊन उतरल्यावर, कूलरपासून लांब,
दर मिनिटाला बोट लावून बघत.

परवा बेसा रोडवर लग्न होतं.
साडेतीनशे ग्लास. टेम्पोत सगळ्या उभ्या राहिल्या.
तिरकीसुद्धा, डावीकडे किंचित कान देऊन.
अंधारातही ती मला हाताला ओळखू येते.

रात्री धुताना
रबर शाबूत असलेल्या चारांपैकी एक उलटी केली.
बघावं, कंपनीनं काय लावलं होतं.
कडेनं सुरी फिरवली. डाग नाही, थर नाही.
काहीच लावलेलं नव्हतं.
नुसतं ताणून चढवलेलं, बहुधा गरम असताना,
आणि इतकी वर्षं त्यानं धरून ठेवलेलं.

सकाळी सत्तारभाईंना सांगितलं.
ते ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होते.
मान वर न करता म्हणाले,
नवं असन तवा. नव्याले काऊन लागन सोल्युशन?

अर्धा डबा उरलाय.
झाकण घट्ट लावून माठाच्या सावलीत ठेवलाय,
आणि पोरीच्या चपलेचा अंगठा
घासून, पुसून,
पायरीवर वाळत घातलाय.